डोळखांब

डोळखांब हे महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यातील एक गाव आहे. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी, तालुक्याच्या पूर्व भागात ते वसलेले आहे. भोवतालच्या आदिवासी पाड्यांसाठी बाजार, शाळा, दवाखाना आणि एस.टी.चा थांबा यांचे हे जवळचे ठिकाण होय. गुंडे, डेहणे, साकुर्ली, चोंढे ही या पट्ट्यातील गावे असून आजोबा पर्वताकडे आणि घाटमाथ्यावरील रतनगडाच्या परिसराकडे जाणारे गिर्यारोहक डोळखांबमार्गेच पुढे जातात. घाटावरून कोकणात उतरणाऱ्या जुन्या वाटा, मुंबईला पुरविले गेलेले लाकूड आणि मुंबईकडे वाहणारे पाणी या तीन गोष्टींनी या परिसराचा इतिहास घडविला आहे.

भौगोलिक स्थान

शहापूर हा क्षेत्रफळाने ठाणे जिल्ह्यातील सर्वांत मोठा तालुका आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्या वेळी शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही डोंगराळ तालुके ठाणे जिल्ह्यातच राहिले. डोळखांबच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग भिंतीसारखी उभी असून तिच्या पलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुका सुरू होतो. दक्षिणेकडे मुरबाड तालुका आहे.

सह्याद्रीचा माथा हा येथील जलविभाजक आहे. माथ्याच्या पूर्वेकडे पडणारे पाणी प्रवरा नदीतून गोदावरीला मिळते आणि बंगालच्या उपसागराकडे जाते. पश्चिमेकडे पडणारे पाणी भातसा, शाई, काळू या नद्यांच्या खोऱ्यांतून उल्हास नदीला मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. डोळखांब परिसर या पश्चिमवाहिनी नद्यांच्या वरच्या खोऱ्यांत मोडतो.

हवामान

येथे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुसळधार पाऊस पडतो. शहापूर तालुक्याचे वार्षिक पर्जन्यमान अडीच हजार मिलिमीटरच्या घरात असून घाटाच्या जवळ ते आणखी वाढते. उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. हिवाळ्यात रात्री थंडी जाणवते, तर मार्चपासून उन्हाचा ताप वाढत जातो.

पर्जन्यमान एवढे असूनही उन्हाळ्यात पाणी टिकत नाही, याचे कारण येथील भूरचनेत आहे. सह्याद्री हा लाव्हारसाच्या थरांपासून बनलेल्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक कठीण आणि कमी सच्छिद्र असल्याने पाणी त्याच्या भेगांतून आणि झिजलेल्या थरांतूनच मुरते. त्यातच डोंगरउतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि बराचसा पाऊस थोड्या दिवसांत कोसळणारा. त्यामुळे बहुतेक पाणी ओढ्यानाल्यांतून वेगाने वाहून जाते. उथळ विहिरींचे पाणी फाल्गुन-चैत्रात तळ गाठते आणि नदीच्या कोरड्या पात्रात झिरे खणून पाणी मिळवावे लागते.

इतिहास

घाटवाटांचा काळ

प्राचीन काळी सोपारा आणि कल्याण ही बंदरे देशावरील पैठण, जुन्नर यांसारख्या नगरांशी सह्याद्रीतील घाटांनी जोडलेली होती. या घाटांपैकी सर्वांत प्रसिद्ध नाणेघाट मुरबाड तालुक्याच्या माथ्यावर आहे. तेथील लेण्यात सातवाहन राणी नागनिकेशी संबंधित ब्राह्मी लिपीतील दीर्घ शिलालेख असून घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. हा रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, असे परंपरेने मानले जाते. पुढे उत्तर कोकणावर शिलाहारांची आणि त्यानंतर यादवांची सत्ता होती.

नाणेघाट व थळघाट हे मोठे मार्ग. त्यांच्या दरम्यान घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या अनेक लहान पायवाटा आहेत. डोळखांब पट्ट्यातील करोली घाट आणि चोंढे घाट या त्यांपैकीच होत. करोली घाट डेहण्याकडून साम्रद गावाकडे चढतो, तर चोंढे घाटाची वाट घाटघर परिसरात पोहोचते. या वाटांनी बैलगाडी जाऊ शकत नसे. धान्य, मीठ आणि वनोपज माणसांच्या डोक्यावरून किंवा जनावरांच्या पाठीवरून जात असे. घाटाखालची आणि घाटावरची अनेक कुटुंबे सोयरिकीने जोडलेली असल्याने या वाटा व्यापाराइतक्याच नात्यागोत्यांच्याही होत्या.

माहुली आणि मराठा काळ

शहापूरजवळचा माहुली किल्ला हे या मुलखाचे लष्करी केंद्र होते. निजामशाहीच्या अखेरच्या काळात शहाजीराजे भोसले यांनी बाल निजामाला घेऊन माहुलीचा आश्रय घेतला होता. मोगल आणि आदिलशाही फौजांनी वेढा दिल्यानंतर १६३६ मध्ये त्यांना किल्ला सोडावा लागला व निजामशाही संपुष्टात आली. जिजाबाई आणि बाल शिवाजी त्या वेळी शहाजीराजांबरोबर गडावर होते, असे मानले जाते.

१६५८ च्या प्रारंभी शिवाजी महाराजांनी माहुली घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत माहुलीचा समावेश होता. फेब्रुवारी १६७० मध्ये स्वतः महाराजांनी केलेला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवून लावला. मात्र त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळे यांनी किल्ला जिंकून घेतला.

ब्रिटिश काळ

१८१७ च्या पुणे तहाने उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले. शहापूर व त्याला लागून असलेला डोंगराळ मुलूख जुन्या कागदपत्रांत कोळवण या नावाने येतो. येथील महादेव कोळी समाजाकडे पूर्वी घाटांच्या आणि किल्ल्यांच्या राखणीची कामे व त्याबद्दलची वतने असत. नव्या राजवटीत हे हक्क कमी झाले. सावकारी कर्जाचा बोजाही वाढत गेला. या असंतोषातून अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांनी बंड उभारले. १८४४-४५ च्या सुमारास ते नगर, नाशिक, पुणे आणि ठाणे या जिल्ह्यांच्या सीमेवरील डोंगरांत पसरले होते. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या वाटा बंडखोरांच्या पायाखालच्या असल्याने त्यांना पकडणे सरकारला दीर्घकाळ जमले नाही. अखेर राघोजींना पकडण्यात आले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली.

याच काळानंतर रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५५ मध्ये वासिंदपर्यंत, १८६० मध्ये आसनगावपर्यंत आणि १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत पोहोचला. १८६५ मध्ये थळघाटातून तो इगतपुरीला जोडला गेला. देशावरचा माल आता रेल्वेने थेट मुंबईस जाऊ लागला आणि लहान घाटवाटांचे व्यापारी महत्त्व ओसरले. रेल्वेपासून दूर असलेला डोळखांब पट्टा अशा रीतीने मुख्य दळणवळणाच्या बाहेर पडला.

जंगलाचा प्रश्न

रेल्वेमुळे येथील जंगलाची किंमत मात्र वाढली. इमारती लाकूड, जळण आणि कोळसा यांसाठी मुंबई शहर ठाणे जिल्ह्याच्या जंगलांवर अवलंबून होते. सरकारने जंगलांवरील नियंत्रण आवळत नेले आणि १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव व संरक्षित वनांची रचना केली.

याचा थेट आघात राब पद्धतीवर झाला. भाताचे रोप तयार करण्यासाठी शेतकरी झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर पसरून उन्हाळ्यात जाळतात. त्यामुळे तणाचे बी नष्ट होते, राख खताचे काम करते आणि माती भुसभुशीत होते. फांद्या छाटण्यावर बंधने आल्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील शेतकऱ्यांत मोठा असंतोष पसरला. या तक्रारींच्या चौकशीसाठी सरकारला १८८५ मध्ये मुंबई वन आयोग नेमावा लागला. जंगल कोणाचे हा प्रश्न त्यानंतरही शतकाहून अधिक काळ चालू राहिला. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचे वैयक्तिक व सामूहिक हक्क मान्य केले. आज या भागातील जंगलांचा कारभार शहापूर वनविभागाच्या डोळखांब वनपरिक्षेत्राकडे आहे.

लोकजीवन

परिसरात महादेव कोळी, ठाकूर, कातकरी व वारली या आदिवासी समाजांची तसेच कुणबी समाजाची वस्ती आहे. गावठाणापासून दूर, डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या पाड्यांची वस्ती हे येथील वैशिष्ट्य होय.

भात हे मुख्य पीक आहे. सखल खाचरांत भात, तर डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी, वरी आणि खुरासणी घेतात. शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असल्याने बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच पीक निघते. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी व झोडणी आटोपली की हाताला काम उरत नाही. त्यामुळे अनेक कुटुंबे, विशेषतः भूमिहीन कातकरी कुटुंबे, भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. या स्थलांतराने मुलांचे शाळेचे अर्धे वर्ष बुडते. निवासी आश्रमशाळांमुळे काही मुलांचे शिक्षण अखंड राहू शकते.

जंगल हा उपजीविकेचा दुसरा आधार आहे. मोहाची फुले, हिरडा, करवंदे आणि रानभाज्या यांचा त्यात समावेश होतो. पहिल्या पावसाबरोबर उगवणारी शेवळे, त्यानंतर येणारी कर्टुली, टाकळा, लोत या भाज्या आदिवासी स्त्रिया गोळा करून बाजारात नेतात. शेवळाची भाजी घशाला खाजते, म्हणून ती काकडाची आंबट फळे घालून शिजवितात. ठाणे आणि कल्याणच्या बाजारांतही या भाज्यांना मागणी असते.

अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे इतरत्र वसुबारस साजरी होते त्या सुमारास, येथील आदिवासी वाघबारस साजरी करतात. जनावरे आणि गुराखी यांचे रक्षण व्हावे म्हणून गावाच्या शिवेवरील वाघदेवाची पूजा करून नैवेद्य दाखविला जातो.

प्रशासन आणि नागरी सुविधा

स्थानिक कारभार ग्रामपंचायत पाहते. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने येथे पेसा कायदा (१९९६) लागू आहे. या कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, पाणीसाठे आणि भूसंपादनापूर्वीचा विचारविनिमय यांबाबत विशेष स्थान दिले आहे. आदिवासी विकास विभागाचे एकात्मिक प्रकल्प कार्यालय शहापूर येथे आहे. डोळखांब येथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. हा परिसर शहापूर (अनुसूचित जमाती) विधानसभा मतदारसंघात आणि भिवंडी लोकसभा मतदारसंघात मोडतो.

धरणे आणि पाणीप्रश्न

मुंबई महानगरपालिकेला पाणी पुरविणाऱ्या सात जलाशयांपैकी मोठे जलाशय शहापूर तालुक्यात आणि त्याच्या सीमेवर आहेत. तानसा धरण १८९२ मध्ये, मोडक सागर १९५७ मध्ये आणि मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये सेवेत आले. भातसा हा त्यांतील सर्वांत मोठा जलाशय असून मुंबईच्या एकूण उपयुक्त जलसाठ्यातील जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा आहे.

याच तालुक्यात उन्हाळ्यात अनेक गावपाड्यांना टँकरने पाणी पुरवावे लागते. या विसंगतीची कारणे तांत्रिक आणि प्रशासकीय अशी दोन्ही आहेत. धरणे खोऱ्यांच्या सखल भागांत आहेत, तर पाडे डोंगरउतारावर, जलाशयांच्या पातळीहून उंच आहेत. त्यांना पाणी द्यायचे तर ते उपसून वर न्यावे लागते. विखुरलेल्या छोट्या वस्त्यांसाठी हा खर्च माणशी फार मोठा पडतो आणि वीजबिल थकले की योजना बंद पडते. उलट शहराकडे जाणारे पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून मोठ्या लोकसंख्येसाठी नेले जाते. शिवाय ही धरणे बांधताना शहराचा पाणीपुरवठा आणि खालच्या भागातील सिंचन हीच उद्दिष्टे प्रामुख्याने समोर होती. यावर उपाय म्हणून इगतपुरी तालुक्यातील भावली धरणाचे पाणी उंचीचा लाभ घेऊन गुरुत्वाकर्षणाने शहापूरच्या गावांना देण्याची योजना आखण्यात आली.

महानगराच्या वाढत्या गरजेसाठी शाई आणि काळू या नद्यांवरही धरणे प्रस्तावित झाली. शाई धरणाला शहापूर-मुरबाडमधील गावकऱ्यांनी विरोध केला. मुरबाड तालुक्यातील काळू धरणात सुमारे हजार हेक्टर वनजमीन बुडणार होती. आवश्यक वनमंजुरीआधीच काम सुरू झाल्याच्या मुद्द्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये न्यायालयाने कामाला स्थगिती दिली. गावांची जमीन, जंगल आणि शहराची तहान यांतील हा ताण या परिसराच्या सार्वजनिक जीवनातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

प्रेक्षणीय स्थळे

आजोबा पर्वत: डेहणे गावाजवळील हा डोंगर सुमारे १,३७५ मीटर उंच आहे. त्याच्या मध्यावर घनदाट झाडीत वाल्मीकी आश्रम म्हणून ओळखले जाणारे ठिकाण आहे. सीतेने लव-कुशांना येथे वाढविले आणि ती मुले वाल्मीकी ऋषींना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराला हे नाव मिळाले, अशी लोककथा आहे. आश्रमाच्या वर कड्यातील एका कोरीव जागेला सीतेचा पाळणा म्हणतात. तेथे पोहोचण्यासाठीची वाट घसरडी व अवघड आहे.

करोली घाट आणि सांदण दरी: घाटमाथ्यावरील साम्रदजवळ बेसाल्टमधील एका भेगेच्या झिजण्याने तयार झालेली अरुंद, खोल सांदण दरी आहे. तिच्या तळातून उतरत गेल्यास कोकणच्या बाजूस डेहण्याकडे येता येते. परतीसाठी करोली घाटाची वाट वापरतात. वाटेत बाण नावाचा उंच सुळका दिसतो. पावसाळ्यात दरीत अचानक लोंढा येत असल्याने त्या काळात तेथे जाणे जिवावर बेतू शकते. दोर लावून उतरण्याचे टप्पे असल्यामुळे इतर ऋतूंतही जाणकारांची सोबत आवश्यक ठरते.

घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्प: या प्रकल्पाचे वरचे धरण अकोले तालुक्यातील घाटघर येथे प्रवरा नदीवर, तर खालचे धरण शहापूर तालुक्यातील चोंढे येथे शाई नदीच्या खोऱ्यात आहे. दोहोंच्या मधे डोंगराच्या पोटात भूमिगत वीजगृह आहे. संध्याकाळी विजेची मागणी वाढते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज निर्माण केली जाते. मागणी कमी असताना अतिरिक्त विजेवर तेच पाणी पुन्हा वर चढविले जाते. प्रत्येकी १२५ मेगावॅटच्या दोन संचांची मिळून क्षमता २५० मेगावॅट असून जपानच्या अर्थसाहाय्याने झालेला हा प्रकल्प २००८ मध्ये कार्यान्वित झाला. रोलरने दाबलेल्या काँक्रीटची भारतातील पहिली धरणे या प्रकल्पात बांधली गेली. गोदावरी आणि उल्हास या दोन खोऱ्यांचे पाणी येथे एकाच यंत्रणेत येते.

माहुली किल्ला: आसनगावपासून जवळ असलेल्या या किल्ल्याचे पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन भाग आहेत. गडाचे उंच सुळके मुंबई-नाशिक महामार्गावरूनही ओळखता येतात.

सिद्धगड: मुरबाड तालुक्यातील या किल्ल्याच्या परिसरात २ जानेवारी १९४३ रोजी आझाद दस्त्याचे नेते विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील यांना पोलिसांच्या गोळीबारात वीरमरण आले. छोडो भारत आंदोलनात विजेचे मनोरे पाडून या दस्त्याने मुंबई परिसराचा वीजपुरवठा विस्कळीत केला होता. दरवर्षी या दिवशी तेथे अभिवादनासाठी लोक जमतात.

म्हसा: मुरबाड तालुक्यातील या गावी पौष पौर्णिमेपासून म्हसोबाची यात्रा भरते. गुरांचा मोठा बाजार आणि घोंगड्यांची विक्री यांसाठी ही यात्रा प्रसिद्ध आहे.

दळणवळण

मुंबई उपनगरी रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावरील आसनगाव हे शहापूरसाठीचे जवळचे स्थानक आहे. तेथून शहापूर आणि शहापूरहून एस.टी. बस किंवा खासगी जीपने डोळखांबला जाता येते. पुढे गुंडे-डेहणे मार्गाने आजोबा पर्वताचा पायथा गाठता येतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा शहापूर तालुक्यातून जातो. तो ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या महामार्गाने देश आणि कोकण यांतील अंतर काही तासांवर आणले असले, तरी डोळखांबच्या पूर्वेकडील पाड्यांवरून घाटमाथ्यावर जाण्यासाठी करोली आणि चोंढे घाटांच्या पायवाटा अजूनही वापरात आहेत.